शेषरावच्या बदल्यात सहदेव

—नाही, वर नको येऊ, तिथंच पायरीवर बस, वर साऱ्या हाकीच्या स्टिका मांडल्या आहेत, जवसाचं तेल लावून राह्यलो, लुगड्याले डाग पडते — अन् तू काहून आली ते मले माहीत आहे, मनकर्णा, सांगाची गरज नाही. चिठ्ठी पायजे. अकोल्याच्या क्लबाच्या नावानं चिठ्ठी, का शेषरावनं म्याच विकली नाही, इमानी माणूस आहे, आमी त्याले चौदा वर्सांपासून ओळखतो, अन् खाली भगवंतराव सेक्रेटरीची सही. हेच न? थांब, मधात नको बोलू. माहं होऊ दे. तू बोलाले लागली का रडशीन, अन् बाया रडल्या का मले काही सुचत नाही, मंग मी भलतंच काही कबूल करून बसतो. चिठ्ठी मी देणार नाही. आता काहून देणार नाही ते आयकून घे, म्हंजे माळीपुऱ्यात सांगाले बरं का भगवंतरावनं दारातून हाकलली नाही, बसवलं, समजावून सांगतलं.

तुहा नवरा खेळाडू होता, मी नाही म्हणतच नाही. असा सेंटरफारवर्ड अमरावतीले झाला नाही अन् होणार बी नाही, हे मी डिपटी कमिशनर साहेबाच्या तोंडावर म्हटलं आहे. कामठीच्या पलटणीसंग म्याच झाली तवा गोरे शिपाई बूट घालून, अन् हा अनवाणी — तीन गोल. तीन. चेंडू स्टिकीले गोचिडासारखा चिपकलेला, सोडतच नव्हता, अन् गोरे आपलेच एकमेकाच्या आंगावर पडून राह्यले. गावातले पोरं तवापासून त्याच्यासारखा एक खांदा पाडून चालाले लागले. चांगले सरळ पोरं, वाकडे चालाले लागले! मले हसू येत होतं. म्याच असली का वलगावचे, बडनेऱ्याचे लोक गाड्या जुपून येत, अन् काय वरडत? अमरावती नाही. क्लबाचं नाव नाही. शेषराव, शेषराव. क्याप्टन मी होतो, मनकर्णा. दहा वर्सं क्याप्टन मी होतो. बरं, ते जाऊ दे.

पण होता तो होता. आता किती वय असन त्याचं? छत्तीस? अडतीस? तुले बी माहीत नसन, माळ्याच्या घरी कोण मांडून ठेवते. गेल्या दोन साली पायलं मी, चेंडू पोचते, हा पोचत नाही. पहिले चेंडूच्या अगोदर तिथं उभा असे, जसं काही चेंडूनं चिठ्ठी लिहून कळवलं होतं. आता येते मांगून, धापा टाकत, अन् लोक तरी वरडते शेषराव, शेषराव, अन् आपले पोट्टे लोकाच्या धाकानं चेंडू त्यालेच देते. अन् त्याच्याजवळून तो समोरचा घेऊन जाते. मंग मी काय कराचं? जुना आंबा मोहर देते, फळ धरत नाही, तरी माणूस सावलीसाठी ठेवते — पण मैदानावर सावलीचं काय काम? क्लब काही माहा एकट्याचा नाही. पंचकमिटी आहे. कमिटीनं ठरवलं.

कसं ठरवलं ते बी सांगतो, लपवाचं काय त्याच्यात. गेल्या दिवाळीच्या मांगं, इथंच, मी या बंगईवर झोका घेत, बाकीचे सतरंजीवर. अकोल्यावाल्याचं म्हणणं आलं होतं का आमाले शेषराव द्या, नाव मोठं आहे, लोक जमन, अन् त्याच्या बदल्यात आमचा सहदेव घेऊन जा. सहदेव म्हंजे तो मूर्तिजापूरकडचा, एकवीस वर्साचा, सेंटरहाफ. त्याचं अन् त्यायच्या क्याप्टनचं पटत नव्हतं, त्यायले तो नकोच होता. मी सहदेवले पायलं होतं — पळते कसा लेकाचा, वखरले जुपला तं बैलाची गरज नाही. मी कमिटीसमोर मांडलं. दोघं म्हणे पाठवा, म्हाताऱ्याचं सोनं होते अन् आपल्याले तरणा भेटते. दोघं म्हणे ठेवा, गावाचा माणूस आहे, गावातच म्हातारा होऊ द्या, पोट्ट्यायले शिकवीन. रामराव तं उठून उभाच राह्यला, म्हणे शेषराव गेला तं माहे प्याड बी खुंटीले टांगा, मी गोलात उभा राहणार नाही. दोन इकडं, दोन तिकडं, पाचवा मी. मंग मी म्हटलं, आता कायचा वाद, अकोल्याले होकाराची चिठ्ठी जाऊन तीन हप्ते झाले—

काय झालं? अशी काय पाह्यतं माह्याकडं?

चिठ्ठीचं? चिठ्ठी नुसती विचारपूस म्हणून गेली होती. ... नाही? मंग काय, रामरावचं? हो, रामरावच म्हटलं मी. रामराव गोलकीपर, दुसरा कोणता रामराव आहे गावात. ठेवा म्हणणारायत रामरावच होता. बरं. आता निघालंच तोंडातून तं आयक. शेषरावले मी उलटं सांगतलं होतं. मी सांगतलं का पहिला हात रामरावनं वर केला, म्हणे शेषराव आता ओझं झाला. असं सांगतलं मी. काहून सांगतलं? कारण मी काढलं म्हटलं असतं तं तुहा नवरा इथी येऊन बसला असता, याच पायरीवर, आठ आठ दिवस, काही न बोलता, तू बसली तशी. अन् लोक जमले असते. मले माहीत आहे न त्याचा स्वभाव. दुश्मनानं काढलं तं माणूस भांडते. दोस्तानं काढलं असं कळलं का तो भांडत नाही, गुपचूप जाते. झालं बी तसंच. आयकलं, उलीसा वेळ उभा राह्यला, तिथं, त्या खांबाजवळ, अन् म्हणे रामराव म्हणते तं बरोबरच असन, त्यालेच सारं दिसते गोलातून. बस. एवढंच. मले वाटलं होतं काही तरी बोलन.

अन् रामरावले मी सांगतलं का बावा, तू कायले प्याड टांगतं, शेषरावनं सोताच अकोल्यावाल्याले निरोप धाडला होता, त्यायनं हाफीसात नोकरी देतो म्हटलं, जठारपेठेत खोली देतो म्हटलं, म्हणून शेषराव फुगला. म्हणून तं रामरावनं तुमच्या घरी येणं सोडलं. तुमाले वाटलं असन तोंड दाखवाची लाज वाटते. नाही, तो रागानं येत नव्हता. ते बी एक खरं सांगाचं तं बरंच झालं. दोघं जर एकदा एका जागी बसले असते तं माही कमिटीच मोडली असती. टीम चालवाची म्हंजे काही सोपी गोष्ट नाही, बाई. अकरा पोट्टे, अकरा तोंडं. कोणाले काय सांगाचं अन् कोणाले काय नाही हे पहा लागते.

निरोपाचा समारंभ आपण चांगला केला, तेच्यात कसर ठेवली नाही. वामनराव वकिलाले बोलावलं, भाषण झालं, पेढे वाटले. तू नव्हती. तुले आठवते, त्या दिशी सकाळी मी तुह्या मळ्यात आलो होतो? मी म्हटलं, वयनी, शेवंतीचा एक मोठा हार पायजे, पाच पदरी, मधात गुलाब, कोणीतरी साहेब येऊन राह्यला. अन् तू म्हटलं, साहेबाची मान जाड आहे का बारीक? मी म्हटलं, शेषरावसारखी समजा. तू हसली. दोपारपर्यंत तू हार केला अन् सोताच्या हातानं टोपलीत ओल्या फडक्यात घालून देला, का कोमेजू नये. तोच हार त्याच्या गळ्यात घातला. त्यानं ओळखला. गाठ पाहून ओळखला, तुही गाठ मारण्याची रीत आहे न उलटी. हार हातात धरून तो गाठच पाहत राह्यला, अन् लोकायले वाटलं भरून आलं. मले वाटलं होतं घरी येऊन तुले सांगन. नाही सांगतलं का? ... नसन सांगतलं.

तुले सांगाचं तं मले वाईट वाटलं. नाही असं नाही. पण वाईट वाटून क्लब चालत नाही.

आता म्याचचं. ज्याच्यासाठी तू चिठ्ठी मागून राह्यली. तुले लोकायनं काय काय सांगतलं असन. मी होतो तिथी, मी सांगतो. क्याम्पाच्या मैदानावर, फायनल, एका आंगानं आमी, सहदेव सेंटरहाफ, अन् दुसऱ्या आंगानं अकोला, अन् अकोल्याच्या निळ्या सदऱ्यात तुहा नवरा. अन् लोक कोणाचं नाव घेऊन राह्यले होते सांग. अमरावतीचे लोक, अमरावतीच्या मैदानावर, समोरच्या टीमच्या माणसाचं नाव घेऊन राह्यले होते. निरा वेडे. एक एक गोल झाला होता. अकोल्याचा त्यानंच केला — पळाले येत नव्हतं तरी केला. उभ्या उभ्या, नुसतं मनगट. रामराव डावीकडं पडला अन् चेंडू उजवीकडून, असा, पोतं सरकवावं तसा. मैदानभर टोप्या उडाल्या. मी सहदेवकडं पायलं, सहदेवनं माह्याकडं पायलं.

अर्धी म्याच झाली तवा मी त्याले म्हटलं, डावा गुडघा. एवढंच म्हटलं. डावा गुडघा म्हंजे — तुले तं माहीत आहे, बऱ्हानपूरच्या म्याचीत मुरगळला होता, सात साल झाले, वरून चांगला दिसते पण आतून कच्चा. कोणाले माहीत नव्हतं. त्याले, तुले अन् मले. धर्मशाळेत रातभर गरम तेल मीच चोळलं होतं, या हातानं. म्हणून तं मले बरोबर माहीत होतं, कोणत्या जागी, वाटीच्या खाली दोन बोटं. सहदेवले दाखवून देलं. पोट्टा आयकणारा आहे, ते एक चांगलं आहे त्याचं. सांगतलं का करते, काहून म्हणून विचारत नाही. शेषराव बी तसाच होता पहिले.

पाच मिनटं राह्यले असन. शेषराव मधातून घुसला, दोघायले चुकवलं, अन् सहदेव आडवा गेला. आवाज आला. लाकडावर लाकूड लागल्यावर येते न, तसा नाही, दुसराच. अंपायर दूर होता, त्याले दिसलं नाही. अन् तुहा नवरा पडला नाही. मी पाहून राह्यलो — आता पडन, आता पडन — नाही पडला. एका पायावर, मनकर्णा, एका पायावर चेंडू घेऊन गेला तो. समोर एकटा रामराव. रामराव पुढं आला, घसरला, बसला खाली. गोल निरा उघडा. तुहा हार घेऊन तू चालत गेली असती तरी गोल झाला असता. अन् त्यानं स्टिक उचलली, अन् तो डावा पाय टेकवाले गेला, टेकवल्याशिवाय मारता येत नाही, अन् पायच नव्हता तिथी. चेंडू असा हळूहळू घरंगळत गेला, रामरावच्या मांडीले लागला. रामरावनं उचलला बी नाही, पाहतच राह्यला त्याच्याकडं. मंग आमी तिकडून गोल मारला. जिंकलो.

तं आता सांग, मी चिठ्ठीत काय लिहू? शेषरावनं म्याच विकली नाही, मंग उघड्या गोलात चेंडू काहून गेला नाही? तं त्याचा पाय गेला होता. पाय कसा गेला? कोणानं मारलं, कोणानं सांगतलं? एक वळ लिहिली का चार वळी लिहा लागते. अन् खाली सही माही.

अकोल्यावाल्यायच्या डोक्यात ते कसं शिरलं, तुले तेच विचाराचं असन. मी काही म्हटलं नाही. मंडपात चहा चालू होता, त्यायचा सेक्रेटरी माह्या बाजूले बसला होता, तोंड एवढंसं करून. मी दिलासा द्याले म्हणून म्हटलं, जाऊ द्या साहेब, चौदा वर्सं अमरावतीचं मीठ खाल्लं त्यानं, अन् गोलात रामराव, सख्ख्या भावासारखा, मारवत नाही हो माणसाले. एवढंच म्हटलं. चांगलंच म्हटलं का नाही? आता त्यायनं त्याचा तसा अर्थ काढला तं मी काय करू. मंग त्या लोकानं त्याले खोलीवरून काढलं म्हणते, हाफीसातून काढलं म्हणते. मले आयकू आलं. म्याच झाल्यावर घरी बी नाही आला न तो? दोन फर्लांगावर घर, अन् अकोल्याच्या लोकायसंग टेशनावर गेला, लंगडत. मी पायलं. तुले बी दिसला असन मळ्यातून.

अन् एक गोष्ट सांगतो, तुले समजन. कप द्याले डिपटी कमिशनर साहेब उभे राह्यले. क्लबाचा सेक्रेटरी म्हणून मी गेलो. दोनी हातानं कप घेतला. अन् साहेबानं माह्याकडं पायलंच नाही. माह्या खांद्यावरून मांगं पाहून विचारलं, तो शेषराव कुठी आहे? कप माह्या हातात. जिंकलो मी. त्याले गावातून काढलं, त्याचा पाय काढला, नाव काढलं, अन् साहेब माह्याच हातात कप देऊन मलेच विचारते, शेषराव कुठी आहे. आता सांग. काय कराचं राह्यलं माणसानं? ... मी म्हटलं, मले माहीत नाही साहेब, तो आता आमचा नाही.

झालं. सारं सांगतलं तुले. इतकं तं मी घरात बी नाही सांगतलं. तू चांगली आयकतं, मधात बोलत नाही, शेषराव नशीबवान होता त्या बाबतीत. आता हे इथंच ठेव अन् जा. चिठ्ठी मिळणार नाही. तरी काही म्हणाचं असन तं म्हण. म्हण, बोल.

...काय?

कायची दमणी? कुठी न्याची गाडी जुपून?

जरा मोठ्यानं बोल. ...बडनेऱ्याले? कोण, तो? कवापासून? ...सकाळच्या पासिंजरनं. अकोल्यावाल्यायनं डब्यात टाकून देला. हमालानं उतरवला. बाकावर. पाय मांडीपर्यंत सुजला, टेकवतच नाही, अमरावतीच्या गाडीत चढवाले कोणी भेटलं नाही. ...बरं. अन् चिठ्ठी? चिठ्ठी नाही पायजे? तुले चिठ्ठी पायजेच नव्हती? मंग तू — दमणीच मागाले आली होती तं आल्या आल्या सांगाचं न, बाई. मी इतका वेळ — मी तुले थांब म्हटलं असन, पण माणसानं सांगावं न.

दमणी नाही. बैल चाराले गेले. ...ते? ते दोन होय? ते माहे नाहीत. अचलपूरचे पाव्हणे आले, त्यायचे आहेत. अन् दमणीचं चाक बी निघालं. नाही, मी खोटं कायले बोलू तुह्यासंग. तीन कोस तं आहे बडनेरा, पायी गेली तरी दिवसाउजेडी पोचशीन. तिथं भेटन एखादा भाड्याचा टांगा. जा. अन् त्याले सांग, भगवंतराव विचारत होता म्हणून. जा आता, माह्या हाताचं तेल वाळून राह्यलं.

...बडनेऱ्याची सडक इकडून आहे. इकडून, उजवीकडून. तिकडं कुठी चालली? तिकडं तं रामराव राह्यते.

मनकर्णा.

वयनी — वयनी, थांबा. थांबा न जरा, बैल जुपतो मी, माहेच होय बैल. वयनी, आयकून राह्यले काय—